फोन बदलू नका, आधी वायर बघा: ऑफिसमधला डेस्क फोन पुन्हा पुन्हा बंद पडतो तेव्हा

इथे गोष्ट नेटवर्कच्या वायरीवर चालणाऱ्या डेस्क फोनची आहे, जुन्या लँडलाइनची नाही. आधी लक्षणं. यातलं एखादं जरी तुमच्या टेबलाशी जुळत असेल तर पुढे वाचा.

फोन दिवसातून तीन-चार वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. कुणी हात लावलेला नसतो. खुर्ची मागे सरकली किंवा ड्रॉवर उघडला, एवढंच झालेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे स्क्रीनवर उजेड असतो, पण एक्स्टेंशन नंबर दिसायच्या जागी ‘रजिस्टरिंग’ हा एकच शब्द ठाण मांडून बसलेला असतो. तिसरा प्रकार सगळ्यात चिडचिड करणारा: बोलताना मधलीच अक्षरं गळतात, आणि गळायचीच तर नेमकी रक्कम किंवा तारीख गळते. काही फोन नुसते ठेवलेले असताना ठणठणीत असतात, पण घंटी वाजली किंवा स्पीकर लावला की मान टाकतात. फोनमधून पुढे संगणकाला वायर दिलेली असेल तर तो संगणक रांगत चालतो. आणि काही फोनांना वेळापत्रकच असतं. दुपारी एसी लागला की, नाहीतर पावसाची झड दोन दिवस टिकली की हमखास रुसणार.

आता वायरीचा दोष नसलेली लक्षणं, म्हणजे उगाच टेबलाखाली शिरायला नको. सगळ्या ऑफिसचे फोन एकदम गेले तर स्विच (सगळ्या नेटवर्क वायरी जिथे एकत्र येतात तो डबा), एक्सचेंज किंवा वीज बघा; पन्नास वायरी एका क्षणी खराब होत नाहीत. ऑफिसमधल्या ऑफिसमध्ये बोलणं नीट होतं, पण बाहेरच्या कॉलवर मात्र एकाच बाजूचा आवाज जातो, असं असेल तर तो बहुतेक वेळा राउटर-फायरवॉलच्या सेटिंगचा मामला असतो. रिसीव्हरमध्ये खरखर आहे पण स्पीकरवर आवाज स्वच्छ येतो, तर रिसीव्हरची ती गुंडाळीची वायर गेली. ती वेगळी मिळते आणि पाच सेकंदांत बदलता येते.

नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या कारखान्यांची ऑफिसं, पतसंस्था, दवाखाने, सीएंची ऑफिसं अशा ठिकाणी मी बरीच वर्षं नेटवर्कची देखभाल करतो आहे. ‘फोन खराब झालाय, नवीन पाठवा’ असा निरोप आला की मी आता फोन घेऊन जातच नाही. पिशवीत दोन चांगल्या पॅच कॉर्ड (दोन्हीकडे प्लग असलेल्या छोट्या वायरी), टेस्टर, पंचिंग टूल (तारा जॅकमध्ये दाबून बसवायचं हत्यार) आणि बॅटरी एवढंच असतं. बहुतेक वेळा काम पहिल्या दोन पायऱ्यांतच संपतं.

‘पण संगणक तर चालतोय ना?’

हे वाक्य प्रत्येक ऑफिसात ऐकू येतं, म्हणून याचं उत्तर आधी देतो. संगणकाला वायरीत अडथळा आला, एखादं पाकीट, म्हणजे माहितीचा छोटा तुकडा, हरवलं, तर तो ते पुन्हा मागवून घेतो. वेब पान अर्ध्या सेकंदाने उशिरा उघडतं, तुम्हाला कळतही नाही. फोनला ही सोय नाही. आवाज पाठवायच्या नेहमीच्या जी.७११ पद्धतीत आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून दर सेकंदाला ५० पाकिटं धाडली जातात. हरवलेलं पाकीट पुन्हा मागवेपर्यंत बोलणं पुढे गेलेलं असतं, त्यामुळे फोन ते मागवतच नाही. ते अक्षर गेलं ते गेलंच.

गंमत अशी की फोनला वेग जवळजवळ लागतच नाही. आवाजाचे ६४ किलोबिट, वर वेष्टनं धरून एका दिशेला साधारण ८७ किलोबिट प्रतिसेकंद, संपलं. त्यामुळे ‘स्पीड टेस्टला नव्वद येतंय’ हे मला दाखवून उपयोग नसतो.

शिवाय फोन त्याच वायरीतून वीजही घेतो. याला पीओई (पॉवर ओव्हर इथरनेट) म्हणतात. त्याचं पहिलं मानक, ८०२.३एएफ, २००३ साली आलं. त्यात स्विच एका पोर्टवर जास्तीत जास्त १५.४ वॅट देतो, आणि १०० मीटर वायरीतली घट धरून फोनपर्यंत १२.९५ वॅट पोचतील असं गृहीत धरलेलं आहे. आता महत्त्वाचं: वायरीतला प्रवाह साधारण ३०० ते ४०० मिलिसेकंद तुटला की स्विच समजतो, फोन काढून घेतला, आणि वीज बंद करतो. पापणी लवायला लागतो तेवढाच हा वेळ. सैल प्लग तेवढाच हलला की फोन बंद, आणि पुन्हा पूर्ण सुरू व्हायला त्याला दीड-दोन मिनिटं. खुर्ची सरकल्यावर फोन का मरतो, ते इथे आहे. संगणकाची वायर तशीच हलली तर तो क्षणभर अडखळतो आणि चालू लागतो.

म्हणून माझं मत असं की, वायर चांगली आहे की नाही याची परीक्षा घ्यायची तर संगणकापेक्षा फोनला घेऊ द्यावी. तो जास्त कडक मास्तर आहे.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी

पहिली तपासणी तोंडाने करायची. एकच फोन की शेजारचेही? कधीपासून? त्याच्या आदल्या दिवशी काय झालं होतं? टेबलं हलवली, रंगकाम झालं, नवा एसी बसवला, पेस्ट कंट्रोलवाले आले, काहीतरी असतंच. माझ्याकडे वर्षातले सगळ्यात जास्त फोन दिवाळीच्या साफसफाईनंतरच्या सोमवारी येतात. एका रांगेतले चार-पाच फोन गेले असतील तर टेबलाखाली शिरू नका, सरळ रॅककडे, म्हणजे स्विच ठेवलेल्या कपाटाकडे, चला. त्या सगळ्यांच्यात सामाईक असलेली वस्तू तिथे आहे.

मग फोन उलटा करून बघा. मागे सारखी दिसणारी दोन भोकं असतात. एकावर ‘लॅन’ किंवा ‘एसडब्ल्यू’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘पीसी’ किंवा संगणकाचं चित्र. भिंतीकडची वायर पहिल्यात जायला हवी. पीसीच्या भोकातून फोन वीज घेत नाही, त्यामुळे अदलाबदल झाली की फोन काळा पडतो आणि लोक ‘जळला’ म्हणून मोकळे होतात. अक्षरं इतकी बारीक असतात की साफसफाई करणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

याहून वाईट म्हणजे दोन्ही भोकांतल्या वायरी भिंतीतल्या दोन सॉकेटमध्ये जाणं. एका पतसंस्थेत दिवाळीनंतर अख्खा मजला बंद पडला होता. इंटरनेट, फोन, काउंटरचा प्रिंटर, सगळंच. दोन तास रॅकपाशी घालवल्यावर सापडलं ते शेवटच्या टेबलाखाली: कुणीतरी लोंबणारं टोक बघून ते नीटनेटकं भिंतीत खोचून टाकलं होतं. फोनच्या आत छोटा स्विच असतो, त्यातून गोल फेरा तयार झाला आणि पाकिटं त्यात भोवऱ्यासारखी फिरत राहिली. बऱ्या स्विचमध्ये फेरा ओळखून पोर्ट बंद करायची सोय असते, पण ती चालू केलेली असावी लागते. तिथे नव्हती.

तिसरी फुकट गोष्ट: दोन्हीकडचे प्लग काढून पुन्हा बसवा. ‘टक’ असा आवाज आला पाहिजे. प्लगवरची प्लास्टिकची जीभ तुटलेली असेल तर तो बसल्यासारखा दिसतो, पण वायरीच्या ओढीने अर्धा मिलिमीटर मागे येतो. सेलोटेपने बांधलेले प्लग मी पोतंभर पाहिले आहेत. टेप लावली म्हणजे दोष नक्की सापडला होता, फक्त दुरुस्त केला नव्हता.

पॅच कॉर्ड: शंभर-दीडशे रुपयांत निकाल

फोन ते भिंत या दीड-दोन मीटरच्या तुकड्यात निम्म्याहून जास्त भानगडी असतात, निदान माझ्या अनुभवात तरी. खुर्चीचं चाक तिच्यावरून दिवसाला वीस वेळा जातं. फरशी पुसताना ओला पोछा लागतो. ड्रॉवरच्या मागे ती चिमटते. बाहेरून कव्हर शाबूत दिसतं आणि आत एक तार तुटून नुसती टेकलेली असते. चाक वर आलं की सुटते, गेलं की जुळते.

बदलताना एक पथ्य पाळा: जी कॉर्ड चांगली आहे हे तुम्ही दुसऱ्या फोनवर आताच पाहिलं आहे, तीच लावा. ड्रॉवरमधली ‘नवीन असेल बहुतेक’ अशी लावू नका. आणि जी खराब निघाली ती तिथल्या तिथे पक्कडीने कापून दोन तुकडे करा. कापली नाही तर ती ड्रॉवरमध्ये जाते, सहा महिन्यांनी कुणीतरी तीच बाहेर काढतो, आणि मला पुन्हा अंबडला जावं लागतं. हे मी शिकायला फार उशीर केला.

कॉर्ड शक्यतो कारखान्यात तयार झालेली घ्या. जागेवर क्रिम्प केलेल्यांत, म्हणजे हाताने प्लग दाबून बसवलेल्यांत, एक छुपा घोळ असतो. भिंतीतल्या वायरीत प्रत्येक तार एकसंध, कडक असते. पॅच कॉर्डमध्ये बारीक तारांचा पुंजका असतो, कारण तिला वाकायचं असतं. भिंतीची कडक वायर तोडून तिचीच कॉर्ड बनवली की ती दहा-वीस वेळा वाकल्यावर आत तुटते. दोन्ही वायरींचे प्लगही वेगळे असतात, आणि दुकानात मागताना ते कुणी विचारत नाही.

फोन की वायर: अदलाबदल

कॉर्ड बदलूनही तेच होत असेल तर शेजारच्या टेबलावरचा चांगला फोन उचलून या जागी लावा आणि आजारी फोन तिकडे. नंबर सहसा फोनसोबत जातो, त्यामुळे दोघांना आधी सांगून ठेवा, नाहीतर एकाचे कॉल दुसऱ्याला. अर्धा दिवस तसंच राहू द्या. दोष फोनबरोबर तिकडे गेला तर फोन खराब. दोष जागेवरच राहिला तर फोनची निर्दोष सुटका.

अर्धा दिवस का? कारण हे दोष दडून बसणारे असतात. पाच मिनिटं नीट चाललं म्हणून ‘झालं’ म्हणणारा माणूस संध्याकाळपर्यंत परत येतो.

काही फोनांना वेगळ्या अडॅप्टरची सोय असते. त्याने वीज देऊन बघितली तर आणखी एक गाठ सुटते: आता फोन बंद पडत नाही पण आवाज तुटतोच, तर दोष डेटाच्या तारांत; आवाजही नीट झाला, तर विजेच्या वाटेत. पण अडॅप्टर त्याच फोनचा हवा. कुणाला ५ व्होल्ट लागतात, कुणाला १२, कुणाला ४८, आणि पिना मात्र एकमेकांत बसतात. मी एक फोन असाच घालवला आहे.

रॅकपाशी

इथून पुढे ऑफिसच्या आयटीवाल्याची परवानगी घ्या, तोच तुम्ही नसाल तर. रॅकमधली चुकीची वायर काढली तर बिलिंग बंद पडेल आणि मग फोनची गोष्ट कुणालाच आठवणार नाही.

जॅक पॅनलवर, म्हणजे टेबलांकडून आलेल्या वायरी जिथे संपतात त्या पट्टीवर, त्या टेबलाचा नंबर शोधा. तिथून स्विचकडे जाणारी छोटी कॉर्ड बदला, मग स्विचचं पोर्ट बदला. क्रम हाच, आणि एका वेळी एकच गोष्ट. दोन्ही एकदम बदलून फोन चालला तर तुम्हाला काहीच कळलेलं नसतं. पोर्ट बदलताना बघा की नव्या पोर्टला फोनसाठीचा व्हीलॅन (त्याच स्विचवर फोनांसाठी वेगळी आखलेली वाट) दिलेला आहे, नाहीतर फोन वीज घेईल पण ‘रजिस्टरिंग’वर अडकेल आणि तुम्ही नवाच दोष तयार कराल.

स्विचची एकूण ताकदही तपासा. २४ पोर्टचा पीओई स्विच सगळ्या पोर्टवर पुरे १५.४ वॅट देऊ शकतो असं नाही; त्यासाठी ३७० वॅट लागतील, आणि स्वस्त स्विचांची मर्यादा त्याच्या निम्मीच असते. फोन साधारण ३ ते ७ वॅटमध्ये भागवतो, म्हणून अडत नाही. मग त्याच स्विचवर चार कॅमेरे आणि दोन वायफायचे डबे चढतात. लाईट जाऊन आली की सगळे एकदम उठतात आणि शेवटच्या दोन-तीन फोनांना वाटा उरत नाही. प्रत्येक वेळी तेच दोन-तीन फोन मरतात, म्हणून सगळ्यांना वाटतं त्यांची वायर खराब.

स्विच मॅनेज करता येणारा, म्हणजे संगणकावरून त्याची पानं उघडता येणारा, असेल तर त्यालाच विचारा. तो इतका सगळं सांगतो की टेस्टरची गरज पुष्कळदा पडत नाही. त्या पोर्टचा वेग बघा. गिगाबिट (१००० मेगाबिट) फोन १०० मेगाबिटवर किंवा १० वर उतरलेला दिसला तर बहुधा एखादी जोडी तुटली आहे, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच. मग सीआरसी चुकांचा आकडा बघा. प्रत्येक पाकिटाच्या शेपटीला पडताळणीचा अंक असतो. स्विच तो स्वतः मोजून बघतो, जुळला नाही तर पाकीट फेकून देतो आणि हा आकडा एकाने वाढतो. आकडा शून्यावर आणा, दहा मिनिटं कुणाशी तरी बोला, पुन्हा बघा. वाढत असेल तर वायरीत दोष आहे.

यात एक खुबी आहे. स्विच फक्त त्याच्याकडे येणाऱ्या पाकिटांच्या चुका मोजतो. म्हणून ‘समोरच्याला माझा आवाज तुटका ऐकू येतो’ अशी तक्रार असेल तर स्विचवर दिसेल. ‘मला त्यांचा तुटका येतो’ असेल तर स्विच स्वच्छ दिसेल आणि चुका फोनच्या स्वतःच्या स्टेटस पानावर सापडतील. १०० मेगाबिटवर जाणारी जोडी वेगळी आणि येणारी वेगळी असते, त्यामुळे एकाच दिशेची तक्रार म्हणजे एकाच जोडीचा दोष, हा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो.

पाकिटांच्या उशिरा झालेल्या टकरींचा आकडा, म्हणजे लेट कोलिजन, वाढत असेल तर वायरीआधी सेटिंग बघा. कुणीतरी एका बाजूला वेग आणि डुप्लेक्स (दोन्ही दिशांनी एकदम पाठवायचं की आळीपाळीने) हाताने ठरवून ठेवला असतो आणि दुसरी बाजू ऑटोवर असते. दोन्हीकडे ऑटो करा.

टेस्टर, आणि त्याचं खोटं बोलणं

दोन-तीनशे रुपयांचा आठ दिव्यांचा टेस्टर प्रत्येक ऑफिसात असावा. लावण्याआधी वायर दोन्ही टोकांनी मोकळी करा. मानकाप्रमाणे चालणारा स्विच आधी समोर २५ किलोओहमचा ओळखीचा रोध आहे का ते बघतो आणि मगच वीज सोडतो, पण स्वस्तातले पॅसिव्ह इंजेक्टर (वायरीत वीज सोडणारे वेगळे डबे) काही न विचारता वीज देत राहतात आणि टेस्टर जाळतात.

दिवे एक ते आठ ओळीने लागले पाहिजेत. ४-५ किंवा ७-८ लागले नाहीत तर डेटा चालतो आणि वीज येत नाही, असा चमत्कार दिसू शकतो, कारण बरेच इंजेक्टर त्याच जोड्यांतून वीज देतात. दिवा लुकलुकला तर वायर हलवत जा, जिथे हात लागल्यावर विझतो तिथे दोष.

पण आठही दिवे लागले म्हणजे वायर चांगली, असं समजू नका. टेस्टर फक्त ‘या टोकाची तार त्या टोकाला पोचते का’ एवढंच बघतो. एका दवाखान्यात नव्या केबिनच्या फोनवर आवाज फाटका यायचा, टेस्टर मात्र हिरवागार. प्लग जवळून बघितला तेव्हा कळलं: क्रिम्प करणाऱ्याने रंग आपल्या मनाने ओळीने लावले होते, आणि दोन्ही टोकांना अगदी तसेच. आठ तारा सरळ पोचत होत्या. पण इथरनेटला ३ आणि ६ या पिनांची एक पिळाची जोडी हवी असते. त्याच्या रचनेत ३ नंबरची तार एका जोडीतली आणि ६ नंबरची दुसऱ्या जोडीतली होती. पीळ असतो तो बाहेरचा आणि शेजारचा आवाज दोन्ही तारांत सारखाच येऊन कटून जावा म्हणून. जोडी फुटली की ते कटणं थांबतं. याला स्प्लिट पेअर म्हणतात, आणि असला स्वस्त टेस्टर असेल तर तो डोळ्यांनीच पकडावा लागतो.

रंगांचा आपल्याकडे चालणारा बी क्रम, प्लगची जीभ खाली आणि सोनेरी पिना वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.

भिंतीतला डबा

आयओ बॉक्सचे (भिंतीतल्या सॉकेटच्या डब्याचे) दोन स्क्रू काढण्याआधी शेजारी विजेचा बोर्ड नाही ना आणि आत विजेची वायर आलेली नाही ना, हे बघा. असली तर डबा उघडू नका. मग काय करायचं ते पुढे सांगतो.

आत काय सापडतं? रंगाचे शिंतोडे पिनांवर. मुंग्यांचं घर. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीत पिनांवर हिरवट बुरशीसारखा थर. तो गंज असतो आणि खरडून जात नाही, जॅकच बदला. आणि एक खास प्रकार: जुन्या लँडलाइनचा लहान प्लग कुणीतरी या मोठ्या सॉकेटमध्ये खुपसलेला असतो. तो बसतो, पण त्याच्या कडांचं प्लास्टिक पहिली आणि आठवी पिन खाली दाबून टाकतं. त्या पिना मग वर येत नाहीत. बॅटरी मारून आत बघितलं की दोन कडेच्या पिना बसलेल्या दिसतात. जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसचं जुन्या पद्धतीचं टेलिफोन एक्सचेंज) अजून चालू असेल तर उलट चूक आणखी महाग पडते: त्या लाइनवर घंटीच्या वेळी ७५-९० व्होल्टचा एसी दाब येतो, नेटवर्कचा फोन तिथे लावू नये.

तारा जॅकमध्ये स्क्रूड्रायव्हरने दाबलेल्या असतील तर पुन्हा पंचिंग टूलने बसवा. स्क्रूड्रायव्हरने जॅकची पाती फाकतात आणि पकड सुटते. वायरीचं टोक थोडं कापून ताजं घ्या, आणि पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका. डब्यात वायर काटकोनात दुमडून कोंबलेली असते, तीही सैल करा. वळण वायरीच्या जाडीच्या चौपट तरी हवं. शिल्लक वायरच नसेल तर ओढू नका. ताणून जोडलेली वायर चार महिन्यांत सुटते.

छताच्या वर

इतकं करूनही दोष राहिला तर तो टेबल आणि रॅक यांच्या मधल्या लांब वायरीत आहे. इथे बघायच्या गोष्टी मोजक्या, पण दुरुस्ती महाग.

लांबी: भिंतीत ९० मीटर आणि दोन्हीकडच्या कॉर्ड मिळून १०, एकूण १००. बऱ्याच वायरींच्या कव्हरवर मीटरचे आकडे छापलेले असतात. रॅकपाशी एक आकडा वाचा, टेबलापाशी दुसरा, वजाबाकी करा. कारखान्यात डिस्पॅचचं टेबल गोदामाच्या दाराशी नेलं की हे हमखास उलटतं.

माल: ‘कॅट ६’ (नेटवर्क वायरीचा एक दर्जा) छापलेली वायर आतून तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची निघते. पातं घेऊन तार खरवडा. आत चांदीसारखी दिसली तर फसवणूक झाली आहे. ३०५ मीटरचं खोकं उचलताना हलकं लागलं तर दुकानातच ओळखा. तिचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट, त्यामुळे लांबच्या फोनला वीज कमी पोचते, आणि पंच करताना तार मोडते. मानक अशी वायर मान्यच करत नाही. तिची दुरुस्ती करत बसू नका, बदला.

शेजार: विजेच्या वायरींना चिकटून वीस मीटर गेलेली वायर, ट्यूबलाइटच्या चोकवर टेकलेली वायर, लिफ्टच्या मोटरजवळची वायर. ओलांडायचं तर काटकोनात ओलांडा. ‘एसी लागला की आवाज फाटतो’ या तक्रारीत मला एकदा फॉल्स सीलिंगच्या वर, एसीच्या पाण्याच्या पाइपाखाली, काळ्या टेपने गुंडाळलेला जोड सापडला होता. एसी चालू, पाइपाला घाम, थेंब जोडावर. त्या टेबलावर तोवर तीन नवे फोन येऊन गेले होते.

आणि उंदीर. कुरतडलेल्या वायरीला जोड देऊ नका. नवी ओढा आणि भोक बुजवा.

इथे थांबा, माणूस बोलवा

नेटवर्कची आणि २३० व्होल्टची वायर एकाच पट्टीत किंवा डब्यात दिसली, वायर कुठे जळकट किंवा वितळलेली दिसली, प्लगला हात लावताना मुंग्या आल्या, तर हात काढा. मेन बंद करून घ्या आणि आधी इलेक्ट्रिशियन, मग केबलवाला. टेस्टरने ‘जरा बघतो’ म्हणू नका.

शिडीवरून फॉल्स सीलिंगमध्ये शिरायचं असेल, लिफ्टच्या किंवा विजेच्या शाफ्टमध्ये हात घालायचा असेल, वायर जमिनीखालच्या डक्टमधून जात असेल, तर ते तुमचं काम नाही. वायर एका इमारतीतून दुसरीत उघड्यावरून गेली असेल आणि जूनच्या किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटी पावसानंतर फोन किंवा पोर्ट जळत असतील तर कितीही वेळा बदला, पुन्हा जळणार. तिथे तांबं काढून फायबर घालायला लावा. आणि एकाच मजल्यावरच्या पाच-सहा टेबलांवर सीआरसी वाढत असेल तर एकेक डबा उघडत बसू नका. सर्टिफिकेशन टेस्टर असलेला ठेकेदार बोलवा. ते यंत्र काही लाखांचं असतं, म्हणून तो पॉइंटमागे पैसे घेतो, पण स्प्लिट पेअर, लांबी, शेजारच्या जोडीचा त्रास, सगळं प्रत्येक वायरीच्या अहवालात लिहून देतो. छापील अहवाल मागा. ‘सगळं ओके आहे साहेब’ म्हणजे अहवाल नव्हे.

दुरुस्त झाल्यावर

अंबडच्या एका कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलाची पॅच कॉर्ड मी सहा महिन्यांत चार वेळा बदलली. चौथ्या वेळी तिथला क्लार्क म्हणाला, “दादा, तुम्ही कॉर्ड बदलता, पण खुर्ची तर तीच आहे.” मी दोन मीटरची काढून एक मीटरची लावली, टेबलाच्या खालच्या बाजूने क्लिपा ठोकून वर घेतली आणि जमिनीला वायर टेकूच दिली नाही. त्यानंतर त्या टेबलावरून फोन आला तो मार्चमध्ये, टोनर संपला म्हणून.

तेव्हा वायर बदलली की ती कशाने मेली तेही बघा: चाक, ड्रॉवर, ओल, उंदीर. दोन्ही टोकांना एकच नंबर लिहून चिकटवा. रॅकच्या दाराला आतून एक कागद लावा, त्यावर टेबल नंबर, तारीख आणि काय बदललं एवढंच. आठवड्याने त्या पोर्टचा सीआरसीचा आकडा पुन्हा बघा. शून्यावरच असेल तर त्या कागदावर बरोबरची खूण करा.